मिठाच्या पाण्याचे पंधरा दिवस

डोक्याचा आजार झालेलं माणूस आपली हकीकत लिहायला बसलं की लोकांना पहिली शंका येते, हिला हे सगळं आठवतं कसं? मला आठवतं. मला काय आठवतं आणि काय नाही, यावरूनच माझं आणि आईचं एकदा असं बिनसलं की ते अजून पुरतं जुळलेलं नाही. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्या हे उपयोगी पडलं तर चांगलंच. नाही पडलं तरी माझं मन मोकळं होईल.

मी वर्ध्याजवळच्या देवळीची. बाबांचं बसस्टँडजवळ बांगड्या, कंगवे, पिना-टिकल्यांचं दुकान. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी एकुलती एक, सुचिता, घरात सुची.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पुढे लागेल. आमच्या घरात सह्यांचं फारसं सोवळं नव्हतं. माझ्या प्रगतिपत्रकावर बाबांची सही आईच करायची, कारण बाबा दुकानात. शाळेतही तेच. एखाद्या पोराचे आईबाप शेतावर गेलेले असले आणि फॉर्म अडला, की आई पालकाच्या जागी आपणच सही ठोकून मोकळी व्हायची. "कागद पुरा पाह्यजे," म्हणायची. त्यामुळे चार पोरांचं भलंच व्हायचं, म्हणून कोणाला त्यात काही गैर वाटलं नाही. मलाही नाही.

ताप

शतक बदलून सात-आठ वर्षं झाली होती. मी नवव्या वर्गात होते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली लेकरं लाकडी नंदी सजवून दारोदार फिरत होती आणि मी आत दोन गोधड्यांखाली कुडकुडत होते. दुसऱ्या दिवशी मी आईला ओळखेनाशी झाले. पुढचे बारा दिवस माझ्याकडे नाहीत, ते आईबाबांकडे आहेत. ताप मेंदूत गेला होता, बाबा वर्ध्याच्या दवाखान्यात खाटेखाली वर्तमानपत्र अंथरून झोपायचे, आई दोन नवस बोलली, हे सगळं ऐकीव. माझं स्वतःचं म्हणावं असं त्यातलं एवढंच, सलाईनच्या बाटलीवर चिकटवलेली पांढरी पट्टी आणि एका नर्सबाईंच्या हाताला येणारा स्पिरीटचा वास.

दसऱ्याच्या आधी घरी आले. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते, केस मुठीने गळत होते, पण चालत-बोलत होते. लोक नारळ घेऊन भेटायला आले. "पोट्टी वाचली, बाप्पा!" म्हणून गेले. वाचलेच होते मी.

मग एक दिवस आई म्हणाली, "साखर, काडीपेटी अन् सांबार घेऊन ये." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मी साखर घेऊन आले. आईने परत पाठवलं. मी रस्त्यात उभी राहिले आणि काय आणायला निघाले होते ते शोधत बसले, जसं काही ते रस्त्यावरच सांडलं होतं.

दुकानात एक बाई म्हणाली, "दोन डझन हिरव्या बांगड्या दे, एक फणी दे अन् पिना दे." मी मागे वळले, फणी हातात घेतली आणि तिथेच थांबले. आधी बांगड्यांचा रंग गेला, मग बांगड्याच गेल्या. बाबा म्हणाले, "काऊन उभी राह्यली वो सुची?" का ते मला माहीत असतं तर उभी कशाला राहिले असते?

सगळ्यात वाईट म्हणजे श्रुतलेखन. आई वाक्य सांगायची आणि मी तीन शब्द लिहून कोऱ्या पानाकडे बघत बसायची. एकदा तिने तेच वाक्य पाच वेळा सांगितलं आणि सहाव्यांदा माझ्या गालावर थापड मारली. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. तिला वाटलं नळाच्या आवाजात मला ऐकू येणार नाही.

ओटा आणि कपाट

वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेच्या नव्या वस्तीत एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर मेंदूच्या विकारांचा दवाखाना होता. नाव सांगत नाही, गरजही नाही. तिथे नागपूरहून एक तरुण डॉक्टर मॅडम यायच्या. त्यांनी मला आकडे सांगितले आणि ते उलटे म्हणायला लावले. दोन आकडे जमले. तीन आकड्यांना अडखळले. चार म्हटल्यावर मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट बघत बसले आणि त्यातल्या फुलाच्या पाकळ्या मोजल्या. आई शेजारी बसून ओठ हलवून मला उत्तर सांगायचा प्रयत्न करत होती, परीक्षेत कॉपी पुरवल्यासारखी. मॅडमनी तिला हसून थांबवलं.

मग त्या म्हणाल्या, "काकू, हिची मेमरी गेलेली नाही. असं समजा, स्वयंपाकघरातला ओटा लहान झालाय. एका वेळी दोनच भांडी मावतात. तिसरं ठेवलं की पहिलं खाली पडतं. पण कपाट शाबूत आहे. एकदा कपाटात गेलेलं कुठे जात नाही."

मला रडूच आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं की मी ढ नाही, आळशी नाही आणि सोंग करत नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी मनात कपाट, कपाट म्हणत होते.

आईने मात्र अर्धंच ऐकलं होतं. घरी पोचल्याबरोबर तिने शेजारच्या काकूंना सांगितलं, "डॉक्टरीण म्हणे, इच्या ध्यानातच काई राह्यत नाई."

दुसऱ्या दिवशी तिने मला दोनशे पानी वही आणून दिली. "रोज काय झालं, कोण काय बोललं, सारं लिहून ठेवजो." मी लिहायला लागले. संध्याकाळी ती वही बघायची, पानाखाली लाल पेनाने 'पाहिले' लिहून सही करायची. शाळेत चाळीस वह्या तपासून आलेली बाई घरी एकेचाळिसावी तपासायची. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या वहीने मला सावरलं, हे मी आजही म्हणेन.

पण माझ्या आजाराने घरात एक सोयही झाली. बाबा गॅसचा नंबर लावायला विसरले की म्हणायचे, "सुचीले सांगतलं होतं ना." आईला छत्रीचा विसर पडला की, "तुले आठवण द्याले सांगतलं होतं, तू विसरली." मी मान डोलवायची. सांगितलं असेल, म्हणायची. आपल्याच डोक्यावर भरवसा नसला की माणूस कोणाचीही चूक अंगावर घेतं.

मशीन

एप्रिलमध्ये मॅडमनी बोलावलं. त्या एक अभ्यास करत होत्या. माझ्यासारख्या मुलामुलींच्या कपाळावर बाहेरूनच अगदी हलका करंट सोडायचा, त्याने ही अडचण कमी होते का ते बघायचं. सुई नाही, कापणं नाही, गोळी नाही. आई आत त्यांच्याशी बोलत होती. मी बाहेर बाकावर. बऱ्याच वेळाने आई कागद घेऊन बाहेर आली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दोन-तीन ठिकाणी सह्या केल्या आणि परत आत गेली.

"काय आहे?" मी विचारलं.

"काई नाई, दवाखान्याचे कागद हायेत."

हे मी वहीत लिहिलं. लिहायला दुसरं काही नव्हतंच. बाकाचा रंग उडाला होता, पाण्याचा माठ गळत होता, आणि येताना आईने गोरसपाकाची बिस्किटं घेऊन दिली, तेही लिहिलं.

बाबांना एकच काळजी. "शॉक तं नाई बसत ना?" आई म्हणाली, "अवो, त्या मशीननं डोक्यातली नस जागी होते. पंधरा दिवस जाचं, मंग ही पह्यल्यासारखी." हेच मीही धरून चालले.

पंधरा दिवस, रविवार सोडून. सकाळची एसटी पकडून वर्धा, तिथून ऑटोने पिपरी. ऊन असं की बसच्या खिडकीच्या लोखंडाला कोपर लागलं तर चटका बसायचा. आई माझ्या डोक्याला ओला दुपट्टा बांधायची आणि पर्समध्ये कांदा ठेवायची. आत गेलं की मॅडम मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज कपाळावर ठेवायच्या, वरून रबरी पट्टा. वायर जेवणाच्या डब्याएवढ्या एका खोक्यात जायची. बटण दाबलं की स्पंजाखाली मुंग्या यायच्या, थोडं खाजायचं, मग शांत. वीस मिनिटं मी कॉम्प्युटरवर चित्रं बघायची. आत्ताचं चित्र दोन चित्रांपूर्वी आलेलंच असलं तर बटण दाबायचं. सुरुवातीला ते चित्रांचं काम मला छळ वाटायचं.

माझ्यानंतर पवनारच्या रेश्माचा नंबर असायचा. ती डोक्यावर पडली होती, सायकलवरून. आम्ही बाकावर बसून मुंग्यांची तुलना करायचो. ती म्हणायची, "माह्या मुंग्या लई जोरात येतात." मग मीही म्हणायची की माझ्याही येतात. त्या दवाखान्यात माझी भीती निम्मी झाली ती रेश्मामुळे. शाळेतल्या मैत्रिणी माझ्याशी जपून बोलायच्या. ही मात्र माझ्यासारखीच बोलता बोलता मध्येच अडकायची आणि खो खो हसायची.

पट्टा काढला की पाणी गालावर ओघळायचं आणि परतीच्या बसपर्यंत कपाळावर केसांच्या कडेने मिठाची पांढरी रेघ उमटायची. आई पदराने पुसायला यायची तर मी हात धरायची. मला ती रेघ हवी असायची. वाटायचं, आत काहीतरी शिरलं त्याची ही खूण आहे.

दहाव्या दिवशी मी किराणा दुकानातून पाच वस्तू आणल्या, चिठ्ठीशिवाय. पंधराव्या दिवशी मॅडमनी चार आकडे उलटे विचारले आणि मी म्हटले. आईने तिथेच, त्या दवाखान्यात, मशीनच्या खोक्याला हात लावून नमस्कार केला. मॅडम अवघडल्या. बाबांनी दुकानात पेढे वाटले. महिनाभर येणारंजाणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला "मशीनवाली" म्हणायचं आणि मला त्याचा राग येत नसे. शाळा सुरू झाली, दहावा वर्ग. गणित अडलं की मी कपाळावर दोन बोटं टेकवायची, जिथे स्पंज असायचा तिथे. मग पुढची पायरी सुचायची. माझं डोकं म्हणजे ते खोकं, असं मी अगदी मनापासून धरलं होतं.

एकटीचा प्रवास

दिवाळीनंतर दवाखान्यातून निरोप आला की एकदा येऊन जा. आईला मतदार यादीचं काम लागलं होतं. बाबांना दुकान सोडता येईना. मी म्हटलं, मी एकटी जाते. आईने दहादा बस, स्टॉप, ऑटो बोलून घेतलं. मी गेले. कुठे चुकले नाही, काही लिहून घेतलं नव्हतं. मॅडमच्या दारात पोचले तेव्हा मी इतकी खूश होते की त्यांनी काही विचारायच्या आतच सांगितलं, "मी एकटी आले."

"अरे वा!" त्या म्हणाल्या. मग मला बसवलं. "सुचिता, आमचा अभ्यास संपला. आता सगळ्यांना सांगतोय, कोण कुठल्या गटात होतं ते. तुझं मशीन बंद होतं."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे सुरुवातीला अर्धं मिनिट करंट, मुंग्या याव्यात म्हणून. मग बंद. निम्म्या मुलांचं तसंच होतं. कोणाचं चालू, कोणाचं बंद, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. तसंच करावं लागतं, नाहीतर खरा फरक कशाने पडला ते कळत नाही. आता तुला हवं असेल तर आम्ही खरं देऊ, पंधरा दिवस."

मग त्या म्हणाल्या, "पण हे असू शकतं ते तुला माहीत होतं ना? समजावून सांगितलं होतं, तुझी सही आहे." आणि त्यांनी फाईल उघडून माझ्यासमोर धरली.

वर छापलेलं होतं की ही सगळी माहिती मला माझ्या भाषेत सांगण्यात आली असून माझी संमती आहे. खाली 'सुचिता'. ताठ, गोल, फळ्यावर काढावं तसं अक्षर. ते अक्षर गिरवूनच मी लिहायला शिकले होते. माझं स्वतःचं तर तापानंतर उजवीकडे कलंडायला लागलं होतं, अजून कलंडतं.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "हो, माझीच आहे."

का म्हणाले? आई खोटी ठरू नये म्हणून. तिथे, परक्या खोलीत, ते आपोआप तोंडातून आलं. मॅडमचीही चूक होतीच. त्यांनी मला समोर बसवून विचारायला हवं होतं, मोठ्यांच्या "हो, सांगितलं" वर विसंबायला नको होतं. पण ते आज कळतं.

"मग मी बरी कशी झाले?" मी विचारलं.

"वय आहे तुझं. मेंदू सावरतो. त्यात रोजचा सराव, ती वही. जे झालं ते तू केलंस." त्या हे कौतुकाने म्हणाल्या. मला ते शिवीसारखं लागलं. इतके महिने दोन बोटं कपाळाला लावून मी एका बंद खोक्याचे आभार मानत होते.

बाहेर रेश्मा बसली होती. तिला आधीच सांगून झालं होतं. "माह्यावालं चालू होतं," ती म्हणाली, "अन् मले तं काईच फरक नाई." आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसायलाच लागलो. हसता हसता ती रडायला लागली. एकदोघींवरून मशीनचं खरंखोटं ठरत नसतं, असं मॅडम म्हणाल्या होत्या. बरोबरच असेल. आम्हाला मात्र एकदोघीच व्हावं लागलं होतं.

"तू विसरली"

आई संध्याकाळी याद्यांची पिशवी घेऊन आली. पायांवर धूळ होती. मी तिला पाणीही दिलं नाही.

"आई, मशीन बंद होतं."

"कोणाचं?"

"माह्यं."

ती पिशवी ठेवून खाली बसली. तिला खरोखरच धक्का बसला होता. तिने मनात धरलं होतं की आपल्या पोरीच्या वाट्याला चालू मशीनच आलं असणार. तिची मला दयाही आली, खोटं कशाला बोलू. पण मी विचारलंच, "फॉर्मवर माही सही कोणं केली?"

ती पिशवीतल्या याद्या सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "तूनंच केली."

"मी नाई केली."

"बाकावर बसून तुले सारं वाचून दाखवलं होतं, सुची. बंद बी राहू शकते म्हणून सांगतलं होतं. तू विसरली."

हे वाक्य मी वर्षभर ऐकत आले होते. छत्रीसाठी, गॅससाठी, कशासाठीही. दर वेळी मान डोलवली होती. त्याही दिवशी एक क्षणभर मी मान डोलवणार होते. सांगितलं असेल, असं आत कुठेतरी म्हणूनही झालं. मग मला कपाट आठवलं. मी उठले, वही आणली आणि एप्रिलचं ते पान काढून मोठ्याने वाचलं. बाकाचा उडालेला रंग, गळका माठ, आईने कट्ट्यावर केलेल्या सह्या, काई नाई दवाखान्याचे कागद हायेत, गोरसपाक. पान संपलं. खाली लाल शाईत 'पाहिले' आणि तिची सही.

"सारंच कुठं लिहते तू," आई पुटपुटली.

"मग तू तपासलं तेव्हा काऊन नाई म्हटलं, की एवढी मोठी गोष्ट राह्यली म्हणून?"

तेवढ्यात बाबा दुकान बंद करून आले. त्यांना काय झालं ते कळल्यावर म्हणाले, "जाऊ द्या ना वो. पोट्टी बरी झाली, झालं तं मंग. मशीन चालू राहो का बंद."

आई म्हणाली, "इले सांगतलं असतं तं इचं मन लागलं असतं का? म्हणे भरवसा पाह्यजे." म्हणजे सांगितलं नव्हतं. तिच्याच तोंडून निघालं. पण ते तिच्या ध्यानात आलं आणि ती लगेच म्हणाली, "सांगतलं होतं मी. अर्धं तरी."

मी वही दिवाणावर टाकली. त्या दिवसानंतर मी त्या वहीला हात लावला नाही.

नाही

मशीन बंद होतं याचं दुःख फार दिवस टिकलं नाही. आईने सही केली, तेही मी समजू शकले. तिने आयुष्यभर लोकांचे कागद पुरे केले, माझाही केला. मला बोचलं ते पुढचं. माझ्या आजाराचा एक कोपरा असा होता की तिथे कोणीही काहीही टाकावं आणि मला ते नाकारता येऊ नये, आणि तो कोपरा कुठे आहे ते सगळ्यांत चांगलं आईला माहीत होतं. तिने नेमकं तिथेच टाकलं.

त्यानंतर मी कशालाच खात्रीने हो म्हणेनाशी झाले. कुलूप लावलं का, तीनदा बघायची. मैत्रीण म्हणाली की काल आपलं बोलणं झालं, तर तिच्याकडे संशयाने बघायची. कपाळाला बोटं लावायचीही सोय उरली नव्हती.

मॅडमनी खऱ्या मशीनसाठी नवा फॉर्म घरी पाठवला होता. तो मी दुकानात बाबांच्या स्टुलावर बसून वाचला. ओळीखाली बोट ठेवून, तीन दिवस. एक वाक्य वाचायचं, त्याचा अर्थ कागदावर लिहायचा, मग पुढचं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की मी कधीही नाही म्हणू शकते आणि त्याचं कारण देण्याची गरज नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी तेच वापरलं. खाली माझ्या कलंडत्या अक्षरात सही केली आणि पाकीट स्वतः पेटीत टाकलं. खरं मशीन वाईट म्हणून नव्हे. कोणाला त्याने गुण आला असेल तर चांगलंच आहे. मला फक्त एकदा बघायचं होतं की माझ्या डोक्यात जे चालतं ते माझं आहे की नाही.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली. गणिताच्या पेपरात दोनदा मधली पायरी हातातून सुटली. दोन्ही वेळा समासात लिहून ठेवलेल्या आकड्यांवरून परत पकडली. पास झाले. फार मोठे गुण नव्हते, पण श्रुतलेखनात तीन शब्दांवर अडकणाऱ्या मुलीचे होते. आईने शेवया केल्या. त्या महिन्यांत ती माझ्याशी फार मऊ वागायची, रोज भिजवलेले बदाम सोलून द्यायची. मी ते खायची आणि कामापुरतं बोलायची.

जूनमध्ये अकरावीसाठी वर्ध्याला होस्टेलवर जायचं होतं. दाखले शोधायला पेटी उघडली तर खाली ती वही. सहज एप्रिलचं पान काढलं. 'पाहिले' आणि सही होतीच. त्याखाली लाल शाईत आणखी दोन ओळी होत्या, ताठ, गोल अक्षरात.

'हे तिला सांगितले नव्हते. फॉर्मवरची सही माझी आहे.'

त्याखाली आईचं पूर्ण नाव आणि तारीख. भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होती. तिने वही बघितली आणि मान खाली घातली.

"हे बोलून काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटलं तू उघडशील. रोज उघडायची ना तू."

"सात महिने झाले, आई."

"मी रोज पाहत होती, उघडली का नाई ते." तिने एक खडा बाजूला काढला. "बोलता नाई आलं मले."

दिवसभर चाळीस पोरांशी बोलणाऱ्या बाईला बोलता आलं नाही. मग मला आठवलं की त्या भांडणानंतर "तू विसरली" हे शब्द तिने एकदाही उच्चारले नव्हते. छत्रीसाठीसुद्धा नाही. मी तिच्याजवळ बसले आणि ताटातले खडे काढायला लागले. माफ केलं का, तर अर्धं केलं असेल. उरलेल्या अर्ध्यावर मी अजून आहे. ती लिहून मोकळी झाली होती, आणि ते सात महिने मी स्वतःला खोटी समजून काढले होते.

तुमच्या घरी असं मूल असेल तर औषध, मशीन, वही, जे लाभेल ते करा. पण जे करणार आहात ते त्याला समोर बसवून सांगा, हळू सांगा, एकेक वाक्य सांगा, दहादा सांगावं लागलं तर दहादा. त्याच्या ध्यानात राहणार नाही म्हणून सोडून देऊ नका.

ती वही माझ्याकडे आहे. ते पान मी पुन्हा उघडत नाही, मला ते पाठ आहे. आईने त्या दिवशी बाकावर माझ्याशेजारी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं, तर तेही माझ्या लक्षात राहिलं असतं.